पावती फाडली म्हणजे सुटलो?

नाकाबंदीत अडकलात, कोर्टाची तारीख मिळाली. मित्र म्हणतात, ‘गिल्टी म्हण, दंड भर, विषय संपव.’ पण त्या एका ‘हो’मुळे नेमकं काय काय होतं?

शुक्रवारची रात्र. टीममधल्या कुणाचं तरी प्रमोशन, लोअर परळचा पब, ‘फक्त दोनच बिअर’ आणि घरी जाताना फ्लायओव्हरच्या तोंडाशी लागलेली बॅरिकेड्स. ट्रॅफिकवाले मामा काचेवर टकटक करतात, हातातलं मशीन पुढे करतात. ‘फुंका.’ तुम्ही फुंकता. मशीन आकडा दाखवतं, बारीकशी चिठ्ठी बाहेर येते, त्यावर सही होते, लायसन्स मामांच्या खिशात जातं आणि तुमच्या हातात कोर्टाची तारीख पडते.

मग सुरू होतो फोनाफोनीचा कार्यक्रम. प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी ‘अनुभवी’ असतोच. त्याचा सल्ला ठरलेला : ‘अरे, टेन्शन काय घेतोस? कोर्टात जा, गिल्टी म्हण, दंड भर, लंचपर्यंत ऑफिसला पोचशील.’ या सल्ल्यात खोटं काही नाही. बहुतेकांचं खरंच असंच होतं. घोळ एवढाच, की लंचपर्यंत ऑफिसला पोचलेला माणूस आपण एक दंड भरून आलो असं समजत असतो. प्रत्यक्षात तो फौजदारी कोर्टात दोषी ठरून आलेला असतो. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो फरक कळतो तेव्हा समोर एचआरचा किंवा व्हिसाचा फॉर्म असतो.

मुंबईत ‘ड्रंकन ड्रायव्हिंग’विरोधातली मोठी मोहीम २००७च्या मध्यापासून सुरू आहे. इतक्या वर्षांत आपल्याला नाकाबंद्यांच्या जागा पाठ झाल्या, पण नाकाबंदीनंतरचा रस्ता अजून कुणाला धड माहीत नाही. हा लेख पळवाटा सांगण्यासाठी नाही हे आधीच सांगते. प्यायला असाल तर स्टिअरिंगला हात लावू नका, रिक्षा आहे, कॅब आहे. पण केस झालीच, तर पुढे काय होतं हे माहीत असणं हा हक्क आहे, मग तुमची चूक असो वा नसो.

पावती वेगळी, केस वेगळी

हेल्मेट नव्हतं, सीटबेल्ट लावला नाही, गाडी नो पार्किंगमध्ये होती. अशा वेळी आपण ‘पावती फाडतो’. कायद्याच्या भाषेत ही तडजोड. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये गुन्ह्यांची एक यादी आहे. त्या यादीतला गुन्हा असेल तर ठरलेली रक्कम जागेवर किंवा ई-चलनाने भरायची आणि त्या गुन्ह्याची केस तिथेच संपते. कोर्ट नाही, ‘दोषी’ हा शिक्का नाही. ही रक्कम महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये चांगलीच वाढली, ते खिशाला कळलंच असेल.

चलन चुकीचं वाटलं, गाडी तुमची पण फोटोतला नंबर दुसऱ्याचा, असं काही असेल तर भरायच्या आधी तक्रार करा. एकदा भरलं की ते तुम्ही मान्य केलं. आणि चलन भरायचंच नाही असं ठरवलं तर ते कुठे हरवत नाही, कोर्टाकडे जातं. राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी मोबाइलवर जे मेसेज येतात ते याचेच. तिथे झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम १८५ त्या यादीत नाहीच. धोकादायक ड्रायव्हिंगचं कलम १८४ आहे, पण फक्त हातात मोबाइल धरून गाडी चालवण्यापुरतं. म्हणजे १८५ लागलं की ‘साहेब, इथेच मिटवा ना’ या वाक्याला कायद्यात जागा नाही. मामांनी जागेवर पैसे घेऊन सोडलं, तर ती तडजोड नसून लाच आहे आणि देणाराही त्यात आला.

१८५ची शिक्षा २०१९च्या दुरुस्तीनंतर अशी : पहिल्यांदा सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५ हजार, किंवा दोन्ही. मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत हाच आकडा ८० आहे. ‘ऑनसाइट होतो तेव्हा दोन बिअर पिऊन बिनधास्त चालवायचो’ हा युक्तिवाद इथे उपयोगाचा नाही.

त्या रात्री

पोलिस गणवेशात असेल आणि तुम्ही प्यायला आहात असा वाजवी संशय असेल, तर तो तुम्हाला फुंकायला सांगू शकतो. ‘मी फुंकणारच नाही’ हा हिरोपणा बहुतेक अंगाशी येतो. कारण सबळ कारण नसताना दिलेला नकार कोर्टात तुमच्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देणारा मानला जाऊ शकतो. शिवाय नकार देणाऱ्याला अटक करून रक्ततपासणीला नेता येतं.

१८५ मध्ये पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. पण अटक केली, तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झालीच पाहिजे. नाही झाली तर तुम्हाला सोडून द्यावं लागतं. हे दोन तास लक्षात ठेवा. किती वाजता अडवलं, किती वाजता फुंकायला लावलं, किती वाजता हॉस्पिटलला नेलं, या वेळा मोबाइलवर टिपून ठेवा किंवा मित्राला टिपायला सांगा. तीन महिन्यांनी वकील पहिल्यांदा हेच विचारतो आणि तोवर आपल्याला पबचं बिलही आठवत नसतं.

गुन्हा जामीनपात्र आहे. जामीनपात्र याचा अर्थ जामीन हा तुमचा हक्क, कुणाची मेहरबानी नव्हे. पोलिस स्टेशनमध्येच जातमुचलक्यावर किंवा जामीनदार देऊन सुटता येतं. अटक का केली ते सांगणं, जामिनाचा हक्क आहे हे सांगणं आणि घरच्यांना किंवा मित्राला कळवणं, ही पोलिसांची जबाबदारी आहे. सुप्रीम कोर्टाने ६ नोव्हेंबर २०२५च्या निकालात यापुढचं पाऊल टाकलं : अटकेची कारणं लेखी हवीत आणि ती अटक झालेल्या माणसाला समजणाऱ्या भाषेत हवीत. हा निकाल ज्या केसमधून आला ती आपल्या ओळखीची आहे, ७ जुलै २०२४ला वरळीत झालेला बीएमडब्ल्यूचा हिट अँड रन.

मुलींनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी महिलेला अटक करायची नाही, हा नियम आहे. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकारी लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घेऊ शकते. गाडी अडवणं, फुंकायला सांगणं, तारीख देणं म्हणजे अटक नव्हे, त्यामुळे ‘मला रात्री अडवूच शकत नाही’ असं मात्र म्हणू नका.

आणि हुज्जत घालू नका. ‘माहितीये का मी कोण आहे’ या वाक्याने सहा महिन्यांच्या कलमाचं सरकारी कामात अडथळ्याचं मोठं कलम होऊ शकतं. नाव, पत्ता, कागदपत्रं द्या. बाकी किती पेग, कुठे, कोणाबरोबर ही कहाणी सांगण्याची सक्ती नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणालाही भाग पाडता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम २०(३) मध्येच लिहिलं आहे.

‘गुन्हा कबूल आहे?’

कोर्टाचा दिवस. भोईवाडा, कुर्ला, अंधेरी, पुण्यात शिवाजीनगर, तारखेच्या कागदावर असेल ते. सिनेमातलं कोर्ट डोक्यातून काढून टाका. इथे लांबलचक भाषणं नाहीत, हातोडा नाही. फायलींचे गठ्ठे आहेत, पंखे आहेत, बाकांवर तुमच्यासारखेच डेनिमवर फॉर्मल शर्ट घालून आलेले पंधरा-वीस जण आहेत. नावाचा पुकारा होतो, तुम्ही पुढे जाता. मॅजिस्ट्रेट आरोप काय आहे ते थोडक्यात सांगतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का?

या प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही. मागे रांग असते, ऑफिसातून दोन मिस्ड कॉल असतात. बहुतेक जण मान हलवतात.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (जुलै २०२४पासून सीआरपीसीची जागा तिने घेतली) सांगते, की कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत नोंदवायची आणि मग त्यावरून दोषी ठरवायचं की नाही हे मॅजिस्ट्रेटने ठरवायचं. हे ‘आरोपीच्याच शब्दांत’ महत्त्वाचं आहे. ‘हो साहेब, थोडी घेतली होती’ हे एक वाक्य आणि ‘३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल रक्तात असताना मी गाडी चालवली’ हे दुसरं. कायद्याने गुन्हा आहे तो दुसऱ्या वाक्यात. कोर्ट कामाच्या ओघात पहिलं ऐकतं आणि नोंद दुसऱ्याची होण्याची शक्यता असते. म्हणून आरोप समजला नसेल तर ‘समजला नाही, पुन्हा सांगा’ म्हणा. वकील करायला वेळ हवा असेल तर ‘मला वकील करायचा आहे, तारीख द्यावी’ म्हणा. असं म्हटल्यावर कुणी रागावत नाही, पुढची तारीख मिळते. घाईत मान हलवण्यापेक्षा अर्धी सुट्टी गेलेली बरी.

‘हो’ म्हटल्यावर काय होतं? एक, तुम्ही दोषी ठरता. दोन, शिक्षा काय द्यायची हे कोर्टाच्या हातात जातं. पहिल्या वेळी दंडावर भागण्याची शक्यता जास्त, पण कायद्यात ‘किंवा कैद’ हे शब्द आहेत आणि ते शोभेसाठी नाहीत. तीन, अपिलाचं दार जवळपास बंद होतं. गुन्हा कबूल केलेल्याला नंतर फक्त शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदा आहे एवढ्यावरच अपील करता येतं. ‘मी खरं तर प्यायलोच नव्हतो, मशीन बिघडलं होतं’ हे तेव्हा कुणी ऐकून घेत नाही.

चौथी गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण ती कुणी सांगतच नाही. आजची कबुली हा तुमचा ‘पहिला गुन्हा’ ठरतो. चार वर्षांनी पुन्हा एखाद्या नाक्यावर मशीनने आकडा दाखवला, तर तुम्ही दुसऱ्या वेळच्या रकान्यात असाल. सहा महिन्यांचे दोन वर्षं होतात ती त्या पहिल्या दिवशी हलवलेल्या मानेमुळे.

आणि लायसन्सचा प्रवास तर वेगळाच. दंड भरला म्हणजे लायसन्स हातात पडलं असं नाही. पोलिस ते आरटीओकडे पाठवतात, तिथे तुमचं म्हणणं ऐकून पहिल्या वेळी तीन महिने निलंबन आणि दुसऱ्या वेळी लायसन्स रद्द होऊ शकतं. कोर्टात जिंकायचं किंवा हरायचं ते कोर्टात, पण आरटीओची नोटीस आली की तिथेही हजर राहा. निलंबनाच्या काळात गाडी चालवली तर तो आणखी एक गुन्हा.

‘कबूल नाही’ म्हटलं तर

मग सरकारी पक्षाला आरोप सिद्ध करावा लागतो. तुम्ही निर्दोष आहात हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं. अडवणारा पोलिस साक्षीला येतो, पंच येतो, डॉक्टर येतो आणि तुमचा वकील उलटतपासणी घेतो. वकील बघतो ते साधारण असं : मशीन मान्यताप्राप्त प्रकारचं होतं का, त्याची वेळच्या वेळी तपासणी झाल्याचं सर्टिफिकेट आहे का, चिठ्ठीवर तुमचं नाव, वेळ आणि सही आहे का, रक्त घेतलं असेल तर ते सीलबंद करून लॅबला पोचेपर्यंत कुणाकुणाच्या हातातून गेलं. कायद्यातल्या व्याख्येत श्वासाची चाचणी ही रक्तात अल्कोहोल असल्याचा ‘निर्देश’ मिळवण्यासाठी आहे, हाही मुद्दा वकील मांडतात.

मुंबईतल्याच एका अपघाताच्या केसमध्ये, बचुभाई हसनअली करयानी विरुद्ध महाराष्ट्र शासन, सुप्रीम कोर्टाने १९७१ मध्ये म्हटलं होतं, की तोंडाला वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलाखाली होता असं ठामपणे म्हणता येत नाही, रक्ताची चाचणी हवी. बचावाचे वकील आजही ही केस काढतात. मात्र हे ब्रह्मास्त्र समजू नका. एप्रिल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने विम्याच्या एका प्रकरणात सांगितलं, की चाचणी झाली नसली तरी बाकीच्या परिस्थितीवरून विमा कंपनी चालक दारूच्या अमलाखाली होता असं दाखवू शकते. म्हणजे फौजदारी कोर्टातून सुटलात तरी ठोकलेल्या गाडीचा क्लेम अडकू शकतो.

लढण्याची किंमत आहे आणि ती रुपयांपेक्षा तारखांत मोजावी लागते. पोलिस साक्षीदाराची बदली झालेली असते, डॉक्टर रजेवर असतो, कोर्टाला सुट्टी असते. दर वेळी तुम्ही स्वतः जायलाच हवं असं नाही, वकील हजेरी माफीचा अर्ज करू शकतो. पण काहीही न करता तारीख चुकवली, तर आधी जामीनपात्र आणि मग अजामीनपात्र वॉरंट निघतं. साध्या केसचा विचका होतो तो बहुतेक इथेच.

दुसरी किंमत पासपोर्टची. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(फ) प्रमाणे फौजदारी कोर्टात केस चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. १९९३च्या अधिसूचनेमुळे कोर्टाची परवानगी आणली तर मिळतो, पण कोर्ट म्हणेल तेवढ्याच काळासाठी. गंमत बघा, दंड भरून दोषी ठरलेल्याला पासपोर्टची अशी अडचण येत नाही. दोषी ठरल्यामुळे पासपोर्ट नाकारण्याचं कलम नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची शिक्षा झालेल्यांसाठी आहे. म्हणजे पुढच्या महिन्यात पासपोर्टचं रिन्यूअल असलेला माणूस निर्दोष असूनही ‘गिल्टी’ म्हणून मोकळा होण्याचा विचार करतो. कायदा त्याला तिकडे ढकलतो असंच मला वाटतं.

या दोन टोकांमध्ये एक मधला रस्ता आहे आणि तो फार कमी लोकांना ठाऊक आहे. प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अ‍ॅक्ट हा १९५८चा कायदा. आधी कधी दोषी ठरलेला नसलात आणि गुन्हा दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा असेल, तर कोर्ट समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडू शकतं. याच कायद्याचं कलम १२ सांगतं, की असं सोडलेल्या माणसाला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. हा लाभ मिळेलच असं नाही, तो कोर्टाच्या मर्जीवर आहे. पण तो मागावा लागतो आणि मागायचा तो शिक्षा सुनावण्याआधी. रांगेत मान हलवणाऱ्याला तो मागायचं सुचत नाही. गुन्हा खरंच घडला असेल तर कबूल करण्यात काही कमीपणा नाही, मला तर तो सरळपणा वाटतो. पण कबूल करताना सोबत हा अर्ज असावा.

कुणाला लागलं असेल तर

इथपर्यंतचं सगळं गाडी फक्त अडवली गेली त्या केसचं. गाडीने कुणाला ठोकलं असेल तर ‘अनुभवी’ मित्राचा सल्ला पूर्ण विसरा.

बेदरकार गाडी चालवणं हे भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, सहा महिन्यांपर्यंत. कुणी जखमी झालं तर कलम १२५, गंभीर दुखापत असेल तर तीन वर्षांपर्यंत. जखमी व्यक्ती तयार असेल तर १२५ मध्ये कोर्टात तडजोड होऊ शकते, २८१ मध्ये नाही. मृत्यू झाला तर कलम १०६(१), पाच वर्षांपर्यंत. आणि चालकाला धोक्याची जाणीव होती असं दिसलं तर सदोष मनुष्यवध, तो अजामीनपात्र.

ही शेवटची उडी किती मोठी असते ते वांद्र्याच्या कार्टर रोडने पाहिलं आहे. १२ नोव्हेंबर २००६च्या पहाटे फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर अ‍ॅलिस्टर परेराची गाडी चढली, सात जण गेले. सत्र न्यायालयाने एप्रिल २००७ मध्ये निष्काळजीपणाचं कलम धरून सहा महिने शिक्षा दिली. सप्टेंबरमध्ये हायकोर्टाने सदोष मनुष्यवध धरून ती तीन वर्षं केली. जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच कायम ठेवलं. गाडी तीच, रात्र तीच, कलम बदललं. अशा केसमध्ये प्रोबेशनची आशाही धरू नका, निष्काळजी ड्रायव्हिंगमुळे मृत्यू झाला तर त्याचा लाभ देऊ नये असं सुप्रीम कोर्टाने २०००मध्येच सांगितलं आहे.

अपघातानंतर थांबा. जखमीला हॉस्पिटलमध्ये न्या आणि पोलिसांना कळवा, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाचं कर्तव्य आहे. जमाव चाल करून आला तर जीव वाचवून थेट पोलिस स्टेशन गाठा, घर नाही. ड्रायव्हर बदलायचा, ‘गाडी काका चालवत होते’ म्हणायचं, रक्ताचं बघून घ्यायचं, असले सल्ले देणारे त्या रात्री खूप भेटतात. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४च्या पोर्शे अपघातात दोन तरुण इंजिनिअर गेले. त्यानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. अपघाताच्या केसमध्ये बचाव असू शकतो, पुरावा बदलण्याच्या केसमध्ये तो सापडणं फार कठीण.

एचआरचा फॉर्म, व्हिसाची खिडकी

नवीन कंपनीचा बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा फॉर्म नीट वाचा. काहींत विचारतात, ‘कधी दोषी ठरला आहात का?’ काहींत, ‘एखादी केस प्रलंबित आहे का?’ काहींत दोन्ही. ई-चलन भरलेल्याचं उत्तर दोन्हीला ‘नाही’. १८५ मध्ये दंड भरलेल्याचं पहिल्याला ‘हो’. इथे लपवणं हे मूळ गुन्ह्यापेक्षा महागात पडतं. सरकारी नोकरीबाबत सुप्रीम कोर्टाने २०१६च्या अवतार सिंग निकालात सांगितलं, की माहिती खरी द्यायलाच हवी, मात्र किरकोळ गुन्हा असेल तर नोकरी देणारा त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. खासगी कंपन्यांचे नियम आपापले, पण खोटं सापडल्यावर कोणताच एचआर गोड बोलत नाही.

अमेरिकन व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म तर एक पाऊल पुढे जातो. त्यात फक्त दोषी ठरलात का असं नाही, कधी अटक झाली होती का असंही विचारतात. गेल्या पाच वर्षांतली दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दलची अटक असेल तर आधी त्यांच्या पॅनलवरच्या डॉक्टरकडे पाठवलं जातं. आणि तिकडे गेल्यावर सापडलात, तर बहुतेक राज्यांत पहिल्या वेळी तो ‘मिसडिमिनर’ म्हणजे किरकोळ दर्जाचा गुन्हा असतो, पण नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द केला जातो. तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१०च्या पॅडिला निकालात वकिलांवर एक जबाबदारी टाकली : परदेशी अशील गुन्हा कबूल करणार असेल, तर त्यामुळे देशातून हाकललं जाण्याचा धोका आहे का हे त्याला आधी सांगायचं. आपल्याकडेही वकिलाला हा प्रश्न आपण विचारू शकतोच की!

वकील कुठून आणायचा?

कोर्टाच्या गेटवर काळा कोट घालून ‘मोटार व्हेइकल का? या इकडे’ म्हणणारे भेटतील. त्यातले काही चांगलेही असतात, पण निवड गेटवर करू नका. तारखेच्या आठवडाभर आधी फौजदारी काम करणारा वकील गाठा. मालमत्तेची कामं करणारे तुमच्या सोसायटीचे काका इथे उपयोगाचे नाहीत. फी किती, ती दर तारखेला की पूर्ण केसची, हे वकालतनाम्यावर सही करण्याआधी विचारा. कागदपत्रांच्या प्रती मागा. जो फाइल न बघताच ‘गिल्टी करून टाकू’ म्हणतो त्याला नमस्कार करा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन १५१००. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कोठडीत असलेल्या कुणालाही मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. महिना लाखभर कमावणारी मुलगीसुद्धा कायद्याने पात्र आहे, ही गोष्ट बऱ्याच मुलींना माहीत नसते.

केसचा सीएनआर नंबर मिळाला की ई-कोर्ट्सच्या साइटवर पुढची तारीख घरबसल्या दिसते. निकाल लागला, मग तो दंड असो, समज असो वा सुटका, तर त्याच आठवड्यात आदेशाच्या सहीशिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज करा. दोन प्रती घ्या, दंडाची पावती सोबत टाचून ठेवा आणि स्कॅन करून स्वतःला मेल करा. व्हिसाच्या खिडकीवर बसलेला माणूस ‘काय झालं होतं?’ विचारतो, तेव्हा त्याला गोष्ट नको असते, कागद हवा असतो.